छाट

चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं, पहाटे साडेतीनला,
म्हणून कुंभारीच्या घरकुलात आम्ही दोघी जाग्या.
आई घागरी ओळीनं लावते.
मी उंबऱ्यात, मांडीवर लॅपटॉप,
चार वर्षांच्या रात्री एका आलेखात ठिपके होऊन बसलेल्या.

"काय करलालीस?"
"वजन."
"कुणाचं?"
"एका ग्रहाचं. तिथून निघालेल्या उजेडाला इथं यायला बारा वर्षं लागतात."
"दिसलालंय का ते?"
"नाही."
तिनं हातातली घागर खाली ठेवली.
"न दिसता? बिनातागडीचं?"

तागडी तिला ठाऊक आहे.
कारखान्याच्या खिडकीत पान आणि तंबाखू तोलून मिळायची,
हजार विड्या मोजून द्याव्या लागायच्या,
आणि वंगारी तपासनीस चिमटीत एक दाबून
तिच्याकडे न बघताच म्हणायचा, छाट.

मग मी तिला तिच्याच भिंतीवरून सांगितलं.
आठव, साखर पेठेतली खोली,
पलीकडे मागांचं शेड,
फळीवरचा तांब्या दिवसभर थरथरायचा.
तू पान कातरता कातरता म्हणायचीस,
आज तिसरा माग बंद है, यादगिरी आजारी असल.
माग तू कधी पाहिला नव्हतास.
तांब्या पाहिला होतास.

तर हा तारा म्हणजे तो तांब्या.
विझत आलेल्या विडीच्या टोकाएवढा लाल.
त्याच्याभोवती कुणी फिरत असेल
तर तोही जरासा झुलतो,
आपल्याकडे येतो, मागं हटतो,
सेकंदाला चाळीस सेंटिमीटर.
अंबूचं पोर रांगतं त्याच्याहून जरा हळू.

त्याचा उजेड उलगडला की चादरीच्या काठासारखा पट्टा निघतो,
रंगात उभे काळे धागे.
ते सरकतात,
निळ्याकडे, तांबड्याकडे,
केसाच्या हजाराव्या भागाएवढे,
आणि चौतीस दिवसांनी परत जागेवर.
"चौतीस दिवसांचं वर्ष?
म्हणजे दर महिन्याला उगादी," आई म्हणाली,
"पुरणाला डाळ कुठून आणायची?"

नंतर म्हणाली, "आणि वजन? एंत?"
"पृथ्वीच्या नऊ दशांश. कमीत कमी."
"कमीत कमी का?"
फिरण्याची वाट किती कललेली आहे ते इथून कळत नाही.
आपण तिच्याकडे कडेनं बघतोय की तिरकं, कोण जाणे.
तिरकं असेल तर झुलणं आपल्याला थोडंच दिसतं.
"वंगारीचा अंगठा."
हो. पण उलटा.
त्याच्या तागडीत असायचं त्यापेक्षा जास्त दिसायचं,
आमच्या तागडीत दिसतं त्यापेक्षा जास्त असतं.
ती हसली. असं हसताना तिला खोकला येतो.

तो थांबेपर्यंत मी थांबले
आणि मग अजून कुणाला न सांगितलेलं सांगितलं:
तारा स्वतःभोवतीसुद्धा चौतीस दिवसांतच फिरतो.
त्याच्या अंगावर एक डाग आहे.
डाग समोर येतो, धागे सरकतात.
डाग पाठीमागं जातो, धागे सरकतात.
ग्रह नाहीच बहुतेक.
तांब्या आपला आपणच थरथरत होता.

नळ गुरगुरला, नुसती हवा.
"छाट?"
"छाट."
"चार वर्षाची?"
मी मान हलवली.
आई पहिली घागर नळाखाली सरकवत म्हणाली,
"छाट विड्याचे पैसे द्यायचा नाही वंगारी,
पण विड्या ठेवून घ्यायचा. ओढायला चालत होत्या त्याला."

आलेखातून मी चौतीस दिवस काढून टाकले.
उरलेल्या ठिपक्यांत अकरा दिवसांनी काहीतरी हलतंय,
इतकं बारीक की सांगण्यासारखं नाही.
सांगितलं नाही.

पाणी आलं. शेजारी गुंडेटींकडं लगेच
मोटार लागली, आपल्या नळाची धार करंगळीएवढी झाली.
अर्ध्या घागरीतल्या पाण्यावर
बारीक बारीक वलयं.
आई वाकून बघत राहिली, कान न देता, फक्त पाण्याकडं.
"अर्ध्या एचपीची म्हणून सांगतेत लोकांना," ती म्हणाली.
"खोटं. एकची है.
कमीत कमी."